ड्यूकची प्रेयसी, मुलांची ‘गव्हर्नर’

जानेवारी १७८२ मध्ये पॅरिसच्या दिवाणखान्यांतून एकाच बातमीची चर्चा चालली होती. शार्त्रच्या ड्यूकने आपल्या मुलग्यांच्या शिक्षणासाठी एका बाईची नेमणूक केली होती. फ्रान्सच्या राजकुळात मुलींसाठी गव्हर्नेस असे. मुलगेही अगदी लहान असेपर्यंत बायकांच्याच हाती वाढत. मात्र सात-आठ वर्षांचे झाले की त्यांना पुरुषांच्या स्वाधीन करायचे आणि एखाद्या खानदानी सरदाराने किंवा सेनाधिकाऱ्याने त्यांचा ‘गव्हर्नर’ व्हायचे, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट होती. ड्यूकने ती मोडलीच, शिवाय नव्या शिक्षिकेला पदनामही पुरुषाचेच दिले. तिला गव्हर्नेस म्हणायचे नव्हते, गव्हर्नर म्हणायचे होते. मुलांना आजवर शिकवणाऱ्या शेव्हालिए द बोनार यांनी राजीनामा दिला. शहरभर विडंबनगीते फिरली. परवानगी मागायला ड्यूक व्हर्सायला गेला, तेव्हा सोळाव्या लुईने फारसे मनावर घेतले नाही असे सांगतात. त्याला स्वतःला ऑक्टोबरातच मुलगा झाला होता आणि धाकट्या भावालाही मुलगे होते. गादीला वारस पुरेसे असताना चुलत घराण्यातली पोरे कोण शिकवतो याची त्याला काय फिकीर?

या बाईचे नाव स्तेफानी फेलिसिते, काउंटेस द जाँलिस. वय छत्तीस. हसणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक होती. दहा वर्षांपूर्वी ती याच ड्यूकची प्रेयसी होती.

तिचा जन्म जानेवारी १७४६ मधला, बर्गंडी प्रांतातला. घराणे सरदारी, पण पोकळ वासा. सँ-ओबँ येथील जहागीर, नदीकाठचा जुना वाडा आणि मागे लागलेले सावकार, एवढेच वैभव. पुढे लिहिलेल्या आठवणींत तिने बालपणीचा एक प्रसंग सांगितला आहे. वाड्याच्या गच्चीखाली गावातली पोरे लव्हाळे कापायला येत. सात-आठ वर्षांची ही मुलगी गच्चीवरून त्यांना धडे देई, स्वतःला पाठ असलेले सारे त्यांच्याकडून घोकून घेई आणि बक्षीस म्हणून खाऊ वाटी. तिच्या आठवणींतील पुष्कळ गोष्टी पारखूनच घ्याव्या लागतात. ही मात्र खरी वाटते, कारण उरलेल्या आयुष्यात तिने दुसरे काही केलेच नाही.

वडिलांनी नशीब काढण्यासाठी वेस्ट इंडीजमधील सँ-दोमँगची वाट धरली. परतताना त्यांचे जहाज इंग्रजांनी पकडले. सुटून आले तर सावकारांनी तुरुंगात घातले, आणि १७६३ मध्ये ते वारले. मायलेकी श्रीमंतांच्या घरी पाहुण्या म्हणून राहत होत्या. यजमानाच्या मर्जीवर जेवायचे आणि मुलीने हार्प वाजवून मंडळींचे मन रिझवायचे. ती हार्प उत्कृष्ट वाजवी आणि दिवसाचे कित्येक तास रियाज करी. या आश्रितपणाने तिला दोन गोष्टी शिकवल्या. गुण हेच तिचे स्त्रीधन होते, आणि मोठ्या घरात जागा मिळवायची तर ती कुणाच्या तरी गरजेतून मिळवावी लागते.

इंग्रजांच्या कैदेत वडिलांची ओळख शार्ल-आलेक्सी ब्रुलार या तरुण नौदल अधिकाऱ्याशी झाली होती. हाच काउंट द जाँलिस. मुलीचे चित्र पाहूनच तो मोहित झाला, असे ती लिहिते. नोव्हेंबर १७६३ मध्ये दोघांनी गुपचूप लग्न केले. मुलीजवळ हुंडा नसल्यामुळे त्याचे वडीलधारे नातलग संतापले. पुढे मुले झाली, नातलगांचा राग निवळला, पण गाडी पुढे सरकेना. ती सरकली आत्याबाईंमुळे नव्हे, मावशीमुळेही नव्हे, तर आईच्या सावत्र बहिणीमुळे म्हणावे लागेल. या नात्याने लागणाऱ्या मादाम द माँतेसाँ या ऑर्लेआँच्या वृद्ध ड्यूकच्या प्रेयसी होत्या आणि १७७३ मध्ये त्याने त्यांच्याशी खासगी विवाहही केला. त्याचा मुलगा म्हणजेच आपला शार्त्रचा ड्यूक. १७७२ मध्ये जाँलिस दांपत्य त्याच्या पाले रॉयाल या प्रासादात दाखल झाले. पती ड्यूकच्या रक्षकदलाचा कप्तान झाला आणि पत्नी डचेसची मानकरी सखी.

लुई फिलिप जोझेफ, शार्त्रचा ड्यूक, तेव्हा पंचविशीचा होता. राजघराण्याच्या धाकट्या पातीचा हा वारस फ्रान्समधील सर्वांत धनाढ्य तरुणांपैकी एक. उंच, देखणा, बोलायला गोड आणि कमालीचा आळशी. इंग्लंडचे घोडे, इंग्लंडच्या शर्यती, इंग्लंडचे कपडे यांचे त्याला वेड. रात्रीच्या मेजवान्या, नाटकवाल्या बायका आणि जुगार यांत पैशाला पाय फुटत. पुढे कर्ज इतके वाढले की त्याने पाले रॉयालच्या बागेभोवती दुकानांच्या ओळी बांधून भाड्याने दिल्या. राजवंशातला माणूस दुकानदार झाला म्हणून व्हर्साय हसले, पण पॅरिसला ती जागा इतकी आवडली की सारे शहर तिथेच लोटू लागले. अशा माणसाला १७६९ मध्ये पत्नी मिळाली ती पाँतिएव्रच्या ड्यूकची कन्या लुईज मारी आदेलाइद. शांत, श्रद्धाळू आणि माहेरच्या अफाट संपत्तीची वारसदार. तिचे नवऱ्यावर मनापासून प्रेम होते, आणि या साऱ्या कहाणीतली खरी शोकांतिका तिचीच आहे.

१७७१ मध्ये तिला मृत मुलगी झाली. पुढच्या उन्हाळ्यात वैद्यांनी अपत्यप्राप्तीसाठी तिला फॉर्ज येथील औषधी झऱ्यांचे पाणी घेण्यास सांगितले. सोबतीला नवी सखी, काउंटेस द जाँलिस, होतीच. फॉर्ज आणि पॅरिस यांच्यात त्या उन्हाळ्यात पत्रांची रीघ लागली. डचेस मूल व्हावे म्हणून झऱ्याचे पाणी पीत होती आणि तिचा नवरा तिच्या सखीला प्रेमपत्रे लिहीत होता. ती पत्रे वाटेत सरकारी टपालखात्यात फोडली जात होती, याची दोघांना कल्पना नव्हती. ती विसाव्या शतकात छापून प्रसिद्ध झाली म्हणून आज या प्रकरणाविषयी शंका उरलेली नाही. त्यांत रंगेल ड्यूक एखाद्या विद्यार्थ्यासारखा व्याकूळ दिसतो. ती मात्र प्रेमातही शिस्त सोडत नाही. काय वाचावे, कोणाबरोबर बसावे, कुठली संगत सोडावी, असे धडे तिने त्यालाही दिले. त्याने ते ऐकले थोडे आणि विसरला पुष्कळ. दहा खंडांच्या आत्मचरित्रात या उन्हाळ्याच्या प्रेमाचा तिने उल्लेखसुद्धा केलेला नाही.

फॉर्जच्या पाण्याला यश आले असे डचेसला वाटले असेल. ६ ऑक्टोबर १७७३ रोजी तिला मुलगा झाला. त्याचे नाव लुई फिलिप. १७७५ मध्ये दुसरा मुलगा झाला, पुढे माँपाँसिएचा ड्यूक झालेला. ऑगस्ट १७७७ मध्ये जुळ्या मुली, आणि १७७९ मध्ये धाकटा बोजोले.

प्रणयाचा भर तोवर ओसरला होता. ड्यूकच्या आयुष्यात दुसऱ्या स्त्रिया आल्या आणि नवव्या दशकात मादाम द ब्युफाँने कायमचे ठाण मांडले. सामान्यतः अशा ठिकाणी प्रेयसीची कहाणी संपते. एखादा दागिना, थोडे वर्षासन, आणि निरोप. पण जाँलिसने ड्यूककडे मागितले ते दागिने नव्हते, मुले होती. जुळ्या मुलींची गव्हर्नेस म्हणून तिची नियुक्ती ठरली होती. त्यासाठी पॅरिसच्या बेलशास कॉन्व्हेंटच्या आवारात एक स्वतंत्र घर उभे राहिले, आणि १७७९ पासून ती तिथे आपल्या मुलींसह आणि या दोन चिमुरड्यांसह राहू लागली. दरबारी जीवनातून वय ओसरण्यापूर्वीच तिने स्वतःहून अंग काढून घेतले. डचेसने या योजनेला आनंदाने संमती दिली होती. तिचा आपल्या सखीवर विश्वास होता.

१७८२ च्या आरंभी मुलगेही तिच्या ताब्यात आले. त्याच वर्षी फेब्रुवारीत जुळ्यांपैकी एक मुलगी वारली. उरली ती आदेलाइद.

बेलशासमधील शिक्षणाचा प्रकार पाहिला म्हणजे या बाईचा मोठेपणा कळतो. मुलांना उन्हाळा-हिवाळा सहा वाजता उठवले जाई. खाणे साधे, बिछाना कठीण. पाठीवर ओझी वाहायची, पाण्याच्या बादल्या उचलायच्या, शिशाचे तळ लावलेले बूट घालून चालायचे. सकाळचे फिरणे जर्मन बोलत, दुपारचे जेवण इंग्रजीत, रात्रीचे इटालियनमध्ये. भाषा व्याकरणातून शिकवू नये, बोलणाऱ्या माणसाकडून शिकवावी, हा तिचा आग्रह, म्हणून नोकरमाणसेही त्या त्या देशांची ठेवलेली. इतिहास शिकवायला तिने काचेवर चित्रे रंगवून घेतली आणि ती पडद्यावर पाडून दाखवली. आपल्याकडे शंभरएक वर्षांनी कल्याणच्या पटवर्धनांनी ज्याला शांबरिक खरोलिका हे झकास नाव दिले, तोच हा खेळ. सँ-ल येथील उन्हाळी निवासात प्रत्येक मुलाला बागेचा तुकडा मिळे आणि त्यात स्वतः कुदळ चालवावी लागे. घरात सुतारकामाचे यंत्र होते. ड्यूकचे मुलगे रंधा मारत, टोपल्या विणत, पुस्तके बांधत. पॅरिसमधील कारखान्यांत नेऊन त्यांना कारागीर काम करताना दाखवले जात. तेवढ्यावर न थांबता तिने निरनिराळ्या धंद्यांच्या कार्यशाळांच्या छोट्या प्रतिकृती बनवून घेतल्या, अगदी बारीक हत्यारांसह. त्यांतील काही आजही पॅरिसच्या कला व हस्तव्यवसाय संग्रहालयात पाहायला मिळतात.

मुलांची वागणूक दररोज वहीत टिपली जाई. उपशिक्षक लब्रँ दिवसभराचा वृत्तांत लिही आणि रात्री ती समासात आपले शेरे मारी. कोण रेंगाळला, कोण नोकराशी उद्धट बोलला, कोण भित्रा ठरला, सारे त्यात येई. रूसोचे ‘एमील’ हा त्या काळचा शिक्षणवेद. तिने त्यातील निसर्ग घेतला, कष्ट घेतले, पण धर्म आणि शिस्त यांबाबत रूसोला धुडकावले. याच वर्षांत तिची लेखणीही धावत होती. मुलांसाठी लिहिलेली नाटके, ‘आदेल ए तेओदोर’ ही १७८२ मधली शिक्षणविषयक पत्ररूप कादंबरी, १७८४ मधल्या ‘वाड्यातील संध्याकाळच्या गोष्टी’. ही पुस्तके युरोपभर भाषांतरित झाली. इंग्लंडमध्ये ती इतकी घरोघरी गेली की जेन ऑस्टिनच्या ‘एमा’ कादंबरीत त्यांचा ओघात आलेला उल्लेख वाचकांना समजावून सांगावा लागला नाही.

बेलशासमध्ये पामेला नावाची एक सुंदर मुलगी होती. राजमुलांच्या कानावर अस्सल इंग्रजी पडावे म्हणून १७८० मध्ये तिला इंग्लंडहून आणले होते. ही ड्यूक आणि जाँलिस यांचीच मुलगी, असे सारे पॅरिस म्हणे. ती दत्तक आहे असे जाँलिस शेवटपर्यंत सांगत राहिली, आणि इतिहासकारांचे अजूनही दोन तट आहेत.

आईचे काय झाले? भांडण एका दिवसात उभे राहिले नाही. मुले गव्हर्नरकडे राहत आणि आईला भेटायला नेली जात. हळूहळू डचेसच्या ध्यानात आले की मुलांचे मन ज्या घरात वाढले ते तिचे घर नव्हते. त्यांना शाबासकी हवी असे ती बेलशासची, रडू येई तेही बेलशाससाठी. नवऱ्याचे प्रेम नेले ते तिने सोसले होते. मुलांचे प्रेम गेले हे तिला सोसेना. जाँलिसने आईविरुद्ध मुलांना भरवले असे म्हणायला पुरावा नाही, आणि त्याची गरजही नव्हती. दिवसाचे सोळा तास ज्याच्या हाती, मूल त्याचेच होते. एवढी बुद्धिमान स्त्री ही गोष्ट ओळखत नव्हती, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे.

नोव्हेंबर १७८५ मध्ये वृद्ध ड्यूक वारला आणि शार्त्रचा ड्यूक ऑर्लेआँचा ड्यूक झाला. १७८९ आले. राजाशी वैर धरलेल्या ड्यूकचे पाले रॉयाल हे क्रांतीचे अंगणच बनले. जाँलिसही उत्साहाच्या लाटेवर होती. बास्तीय पडल्यावर ती पाडली जात असताना तिने मुलांना नाटककार बोमार्शेच्या बागेतून ते दृश्य दाखवले. त्या तुरुंगाच्या दगडाचे लॉकेट करून ती गळ्यात घाली. १७९० च्या अखेरीस सतरा वर्षांचा लुई फिलिप जॅकोबिन क्लबाचा सभासद झाला. हे शिक्षण कुठवर जाणार हे श्रद्धाळू, राजनिष्ठ आईला दिसले आणि तिने एकच मागणी धरली: ही बाई घराबाहेर जावी.

ड्यूकने ऐकले नाही. ज्या प्रेयसीवरचे प्रेम केव्हाच आटले होते, तिच्यासाठी त्याने पत्नीचे मन मोडले, हे वरवर विचित्र दिसते. पण या रंगेल माणसाने आयुष्यात चिकाटीने एकच गोष्ट केली होती, मुले योग्य हातांत दिली होती, आणि ते हात कोणाचे हे त्याला नेमके ठाऊक होते. एप्रिल १७९१ मध्ये डचेस पाले रॉयाल सोडून वडिलांकडे निघून गेली. जाँलिसनेही पद सोडून प्रवासाला प्रयाण केले, तर तेरा वर्षांच्या आदेलाइदने अंथरूण धरले. वियोगाने मुलगी खंगते आहे असे पाहून ड्यूकने गव्हर्नेसला परत बोलावले. आईसाठी मुलगी आजारी पडली नव्हती, हे डचेसला कळलेच असणार.

पुढचे सारे वेगाने घडले. ऑक्टोबर १७९१ मध्ये आदेलाइदला घेऊन जाँलिस इंग्लंडला गेली आणि वर्षाने परतली तर नव्या कायद्याने मुलगी देशत्यागी ठरली होती. लगेच पुन्हा सीमेबाहेर, तूर्ने येथे, जावे लागले. तिथेच डिसेंबर १७९२ मध्ये पामेलाचे आयरिश सरदार लॉर्ड एडवर्ड फिट्झजेरल्डशी लग्न झाले. इकडे ड्यूकने पदवी टाकून ‘फिलिप एगालिते’, म्हणजे फिलिप समता, हे नाव घेतले होते. जानेवारी १७९३ मध्ये त्याने चुलत बंधू असलेल्या राजाच्या मृत्युदंडाच्या बाजूने मत दिले. जाँलिसच्या नवऱ्याने, तेव्हा मार्की द सिलरी असलेल्या त्या जुन्या नौदल अधिकाऱ्याने, त्याच सभेत मृत्युदंडाला नकार दिला. दोघांचा शेवट एकच झाला. सिलरीचा शिरच्छेद ३१ ऑक्टोबर १७९३ रोजी, ड्यूकचा ६ नोव्हेंबरला. मधे सहा दिवस.

ड्यूकच्या अटकेला निमित्त घडले ते त्याच्याच मुलाचे. एप्रिल १७९३ मध्ये सेनापती द्युमुरिएबरोबर लुई फिलिप ऑस्ट्रियाच्या गोटात निघून गेला आणि पॅरिसमध्ये उरलेल्या कुटुंबाला कैद झाली. पळापळीच्या त्या रात्री जाँलिसच्या कीर्तीवर एक डाग पडला. आदेलाइदला सोबत न नेता एकटीनेच निघायचा तिचा विचार होता. भावाने बहिणीला अंथरुणातून उचलून गाडीत ठेवले, तेव्हा कुठे ती तिला घेऊन निघाली. मुलीचा जीव आपल्यामुळे धोक्यात येईल असे कारण तिने दिले. ते पटो न पटो, पुढचे वर्ष मात्र तिने स्वित्झर्लंडमधील ब्रेमगार्टनच्या मठात खोट्या नावाने, तुटपुंज्या पैशात, त्या मुलीला शिकवत काढले.

लुई फिलिपने त्याच सुमारास रायशेनाउ येथील शाळेत, खोट्याच नावाने, मास्तरकी धरली. भूगोल, गणित आणि भाषा शिकवून आठ महिने पोट भरले. बेलशासचे शिक्षण असे उपयोगी पडेल हे ड्यूकच्या स्वप्नातही आले नसेल. धाकट्या दोघा भावांच्या वाट्याला मार्सेयचा तुरुंग आला. तिथे जडलेल्या क्षयाने माँपाँसिए १८०७ मध्ये आणि बोजोले १८०८ मध्ये गेला.

१७९४ मध्ये आदेलाइदला तिच्या वडिलांच्या मामीच्या स्वाधीन करण्यात आले आणि जाँलिसचे गव्हर्नरपद खऱ्या अर्थाने संपले. आल्टोना, हॅम्बुर्ग, बर्लिन, असे भटकत तिने कादंबऱ्या लिहून, धडे देऊन, चित्रे रंगवून गुजराण केली. १७९६ मध्ये तिने एक पत्र छापून प्रसिद्ध केले. त्यात जुन्या शिष्याला जाहीर उपदेश होता, की त्याने राजगादीची आशा धरू नये. शिष्याला ते आवडले नाही. पत्र खासगीत पाठवता आले असते, पण शेरे समासात लिहायची सवय तिला आता जगासमोरही आवरत नव्हती.

१८०० मध्ये ती फ्रान्सला परतली. नेपोलियनने तिला आर्सनाल येथे राहायला जागा आणि वर्षासन दिले, बदल्यात तिने त्याला नियमित पत्रे लिहायची. १८०२ मधली ‘मादम्वाझेल द क्लेरमाँ’ ही तिची छोटी कादंबरी आजही वाचनीय आहे. १८२५ पासून आलेल्या आत्मचरित्राच्या दहा खंडांत तिने बहुतेक साऱ्या समकालीनांचे हिशेब चुकते केले. डचेस १८२१ मध्येच निवर्तली होती.

जुलै १८३० मध्ये पॅरिसने पुन्हा क्रांती केली आणि ९ ऑगस्टला लुई फिलिप फ्रान्सचा राजा झाला. ज्याला गादीची आशा सोड म्हणून तिने सांगितले होते तोच. चौऱ्याऐंशी वर्षांच्या जाँलिसने ते पाहिले, आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशी, ३१ डिसेंबर १८३० रोजी, ती वारली.

राजा झालेला शिष्य म्हातारपणी व्हिक्टर ह्यूगोजवळ तिच्याविषयी मोकळेपणाने बोलला. ह्यूगोने ते टिपून ठेवले आहे. ती फार कठोर होती, पण आपण तिच्यावर प्रेम केले, असे त्याच्या बोलण्याचे सार. सुतारकाम, गवंडीकाम, घोड्याची चाकरी, फार काय रोग्याचे रक्त काढण्याचे न्हाव्याचे कामही आपल्याला येते, याचा त्याला अभिमान होता. स्वतःच्या मुलग्यांना मात्र त्याने कोणा गव्हर्नरच्या हाती दिले नाही. त्यांना त्याने पॅरिसच्या आंरी चौथा या सार्वजनिक विद्यालयात घातले, इतर लोकांच्या मुलांबरोबर. आदेलाइदने लग्न केले नाही. ती भावाच्या घरी राहिली, त्याची सर्वांत विश्वासू सल्लागार म्हणून, आणि १८४७ मध्ये ३१ डिसेंबरलाच गेली. दोन महिन्यांत राजाची गादीही गेली.